टेम्पोच्या वायरींना मुशीचं तेल

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ

पाहुण्यांच्या आधी शेजारची वनमाला येऊन बसली. पाहुणे दहाला यायचे होते, ही नवालाच हजर. म्हणाली, साखर मागायला आले. गळ्यात सगळं सोनं, केसात आबोलीची वेणी. साखर मागायला कोण एवढं नटून येतं गं, मी विचारलं. म्हणाली, मी रोज अशीच असते. रोज ती गाऊनवर असते, अख्खं वेसावे बघतं. दोनदा चहा प्यायली आणि साखर न्यायची विसरली.

मग ट्रॉम्ब्याचे पाहुणे आले. मुलीचे वडील सहदेवभाऊ, आई उत्तरा आणि एक आत्या. मुलगी श्रुतिका आली नाही, तिची कसलीशी परीक्षा होती. आमच्या सौरभला बघायला आले होते. सौरभ माझा नातू. त्याचं आणि श्रुतिकाचं फोनवर वर्षभर चाललंय हे मला माहीत नाही असं घरात सगळे धरून चालतात. मीही धरून चालते. मला ऐकू कमी येतं असं एकदा सांगून ठेवलं की खूप ऐकायला मिळतं.

जेवण झकास झालं. कोळंबीचं सुकं, पापलेटचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. सहदेवभाऊंनी तीन वेळा वाढून घेतलं. आत्या मान वर न करता जेवली. मी मनात म्हटलं, जमलं.

तर सहदेवभाऊ हात पुसत म्हणाले, पोरगा बघितला, घर बघितलं, आता टेम्पो बघू. आता टेम्पोत काय बघायचं असतं? चार चाकं आहेत. सौरभ पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासे उचलतो आणि विक्रोळी, घाटकोपर, मुलुंडच्या बाजारात पोचवतो. त्याच्यावरच त्याचं पोट. बरं, बघा म्हटलं.

चावी फिरवली तर टक्. परत टक्. वनमालाच्या नातवाने आणि गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला तेव्हा चालू झाला. सहदेवभाऊ मागे जाऊन उभे राहिले. ब्रेक दाब म्हणाले. सौरभने ब्रेक दाबला, तर उजव्या बाजूचा इंडिकेटर मिणमिणला. इंडिकेटर दिला, तर हॉर्न बारीक आवाजात कण्हला. मागचे लाल दिवे मात्र कशालाच दाद देईनात. वनमाला तोंडाला पदर लावून हसत होती. सोनं घालून हसत होती.

सहदेवभाऊ हसले नाहीत. म्हणाले, माझा धाकटा भाऊ असाच पहाटे माल घेऊन जायचा. मागचा दिवा बंद होता. ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. मग उत्तरा म्हणाली, आता पौष लागेल, पौषात काही बोलत नाहीत. पौष संपला की येऊ. तोवर दिवे करून घ्या. लाल दिवे पेटलेले बघितले की पुढचं बोलू.

माणूस थोडा घाबरट दिसतो. पण जेवला पोटभर, म्हणजे होकारच.

संकल्प: पौष संपेपर्यंत टेम्पोच्या वायरींना गंज लागू द्यायचा नाही. हे काम मी स्वतःकडे घेतलं आहे. घरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की सगळे मध्ये मध्ये करतात.

१५ डिसेंबर, सोमवार

सौरभ टेम्पो घेऊन हितेशकडे गेला. मीही बसले पुढे, मला अंबोलीच्या देवळात जायचं आहे म्हणून. देवळात गेले नाही, गॅरेजमध्ये स्टूलावर बसले.

हितेश कच्छी पोरगा, घाटकोपरचा. मला बा म्हणतो. बॅटरीचं झाकण उघडून दाखवलं. दोन्ही टोकांवर पांढरा-हिरवा फुगवटा, भाताला बुरशी यावी तसा. म्हणाला, बा, हे बघा, मासळीच्या खोक्यातलं बर्फाचं पाणी गळतं, ते खारट. खारं पाणी वायरीच्या जोडाला खाऊन टाकतं. वीज पुढे जाणार कुठून? त्यात थंडी, थंडीत बॅटरी तशीच सुस्त. उपाय सांगितला. गरम पाण्यात सोडा घालून घासायचं, कोरडं करायचं, जोडांना व्हॅसलीन लावायचं, वायरी नळीत घालून उंचावरून न्यायच्या, आणि खोक्यांखाली पत्र्याचा ट्रे, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर.

सौरभ म्हणाला, सीझन आहे, टेम्पो दोन दिवस उभा ठेवता येणार नाही, पुढच्या महिन्यात करू. नुसतं घासून आणला.

हितेश पोरगा चांगला आहे, पण मासे खात नाही. जो मासे खात नाही त्याने खाऱ्या पाण्यावर बोलावं का? आमच्या घरात चार पिढ्या खारं पाणी आहे. माझ्या अंगात रक्तापेक्षा तेच जास्त असेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उपास. सूनबाई सुगंधा अंधेरीच्या बाजारात मासे विकते, पण आज गिऱ्हाईक नाही म्हणून लवकर आली. त्यामुळे काम गुपचूप करावं लागलं.

बॅटरीच्या टोकांना खोबरेल लावलं. भरपूर. केसांना चालतं, लोखंडाला का नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

यंदा थंडी खरी आहे. सकाळी खोबरेल गोठून मेणबत्ती झालं होतं. टेम्पो चालू झाला नाही. सौरभने धक्का मारून नेला. याला थंडी जबाबदार, मी नाही.

हितेश म्हणाला होता ना थंडीत बॅटरी सुस्त होते. मग हे आधी कोणाच्या लक्षात का आलं नाही? आमच्या ह्यांचा लोकरी मफलर होता पेटीत. कैलासवासी होऊन बारा वर्षं झाली, त्यांना आता कुठे लागतोय. बॅटरीला छान गुंडाळला, वरून गाठ मारली. बॅटरी अगदी लहान मुलासारखी दिसत होती. डोळे भरून आले.

२३ डिसेंबर, मंगळवार

मफलरने चारच दिवसांत सगळं बर्फाचं पाणी पिऊन घेतलं आणि बॅटरीच्या अंगाला चिकटून बसला. टोकांवर परत हिरवं पीक. सौरभने झाकण उघडलं आणि मला हाक मारली. आजी, आजोबांचा मफलर इथे कसा आला? मी म्हटलं, वाऱ्याने गेला असेल. म्हणाला, स्क्रू लावलेल्या झाकणाच्या आत वारा जात नाही. हल्लीची मुलं फार प्रश्न विचारतात. आमच्या वेळी मोठ्यांनी एकदा वारा म्हटलं की वारा.

खोबरेल वाईट, लोकर वाईट. मग चांगलं काय? विचार करत भाकऱ्या थापल्या. दोन करपल्या.

२४ डिसेंबर, बुधवार. दुपार

सुचलं. आणि इतकं साधं, की मला स्वतःचीच लाज वाटली आधी का नाही सुचलं.

आमच्या ह्यांची लाकडी बोट होती. दर वर्षी किनाऱ्यावर ओढली की आतून-बाहेरून मुशीचं, म्हणजे लहान शार्कच्या काळजाचं, तेल चोपडायचे. लाकूड कधी कुजलं नाही, खिळ्याला कधी गंज चढला नाही. चाळीस वर्षं ती बोट समुद्रात होती. समुद्रात. आणि इथे हितेश चार खोक्यांच्या पाण्याची गोष्ट करतो.

मुलाला फोन करून विचारावं म्हटलं. महादू माझा मुलगा, सौरभचा बाप, बोटीवर असतो, आठवडा आठवडा घरी नसतो. रेंज नव्हती. म्हणजे त्याची हरकत नव्हती.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सुगंधा बाजारात, सौरभ मुलुंडला. वनमालाच्या ओळखीच्या बोटीवरून मुशीची काळजं आणवली. पातेल्यात उकळली. तेल वर आलं, सोन्यासारखं. बरणीत भरलं.

कोळीवाड्यात कोणी वासाला नाव ठेवत नाही. पण आज समोरच्या माडीवरून कोणीतरी विचारलं की काय मेलंय. पातेलं सुगंधाचं चांगलं होतं. ते आता चांगलं राहिलं नाही. तिने विचारलं तर सांगणार आहे की जुनं झालं होतं.

हितेशने सांगितलं तसं आधी गरम पाणी-सोड्याने घासून घेतलं. तेवढं त्याचं ऐकायला हरकत नाही, स्वच्छता कोणालाही सुचते. मग सौरभच्या जुन्या टूथब्रशने एकेका जोडाला तेल चोपडलं. बॅटरी, फ्यूजचा डबा, मागच्या दिव्यांचे होल्डर, सगळं. टेम्पोखाली उताणी झोपले होते. उठताना कंबर धरली, पण वनमालाच्या नातवाने पाय धरून ओढलं.

तो ब्रश जुना नव्हता असं संध्याकाळी कळलं. सौरभ दोनदा जेवला तरी त्याच्या तोंडाची चव जाईना.

२७ डिसेंबर, शनिवार

एका चावीत चालू झाला. एका. लाल दिवे दोन्ही पेटले, डाळिंबाच्या दाण्यासारखे. सौरभ म्हणाला, घासल्याचा परिणाम दिसतो, हितेश बरोबर बोलला. मोठ्या माणसांनी मोठेपणा मागू नये.

पण वनमालाला सांगितलं. एकीला तरी सांगायला हवं ना.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. डायरी मच्छीमार सोसायटीची, कोरी मिळाली. जुनीची पानं उरलीत, म्हणून जुनीतच लिहिते.

टेम्पो रोज चालू होतोय. मी रोज संध्याकाळी तेलाचा हात फिरवते. टेम्पोभोवती मांजरं बसतात आता. आधीही एखाददुसरं असायचं, आता दारात सभा भरल्यासारखी. टेम्पो निघाला की नाक्यापर्यंत सोडायला जातात. मुकी जनावरं, पण चांगली गाडी ओळखतात.

सुगंधा म्हणाली, आई, टेम्पो धुतला तरी वास जात नाही हो. मी म्हटलं, मासळीच्या गाडीला काय मोगऱ्याचा येणार? ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. मी हात पदरात घेतला.

४ जानेवारी, रविवार

वनमालाच्या नातवाच्या स्कूटरचाही हॉर्न बसलाय. शेजारधर्म म्हणून तिलाही तेल लावलं. हात सढळ ठेवला.

६ जानेवारी, मंगळवार

मांजरांनी स्कूटरची सीट फाडली. आतला स्पंज अर्धा गल्लीत, अर्धा वनमालाच्या तुळशीत. वनमाला माझ्याशी बोलत नाही. दारातून गेली, मान तिकडे. बहुतेक मौनव्रत धरलं असेल. पौषात बायका काय काय धरतात.

९ जानेवारी, शुक्रवार

सौरभ उशिरा आला. आला तो पायरीवर बसला, बूट न काढता. सुगंधाने विचारलं, काय झालं रे. तर म्हणाला, विक्रोळीच्या पुढे हायवेवर मागून ट्रक आला. हॉर्नवर हॉर्न. त्याने ब्रेक लावला तेव्हा इतका जवळ होता की आरशात नुसता त्याचा बंपर. मी साइडला घेतलं, तर मागची खोकी खाली. बांगडे सगळे रस्त्यावर. ट्रकवाला उतरून आला, शिव्या देईल वाटलं, तर तोच बांगडे उचलायला लागला. म्हणाला, भाई, तेरी पीछे की लाइट ही नहीं है.

सुगंधा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. पाठीवर हात ठेवून. त्याचा फोन वाजत होता, त्याने उचलला नाही. मी चहा केला, तो तसाच थंड झाला. मग मी प्यायले.

१० जानेवारी, शनिवार

सौरभने टेम्पो हितेशकडे नेला, मी मागून रिक्षाने गेले. मागच्या दिव्यांच्या वायरी कुरतडलेल्या. घुशीचं काम, हितेश म्हणाला. पण बा, घूस वायर अशी चाटूनपुसून खात नाही, हे तर कोणी जेवायला वाढल्यासारखं आहे. त्याने बोट फिरवलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. मासळीचं पाणी असेल, सौरभ म्हणाला. मला सांगायचं होतं, पण तेवढ्यात गॅरेजच्या नळावर चहाचे ग्लास पडलेले दिसले. म्हटलं, कोणाचं तरी काम हलकं होईल. सगळे घासले. घासून झाल्यावर आधीपासूनचे स्वच्छ होते तेही घासले.

घरी येऊन देवाला दिवा लावायला विसरले. वय झालं.

नीट विचार केला. चूक तेलाची नाही. तेल कमी पडलं. भरपूर असतं तर घुशीचे दात घसरले असते.

१२ जानेवारी, सोमवार

हितेशने सगळं नव्याने केलं. वायरी काळ्या नळीत घालून टेम्पोच्या वरच्या कडेने नेल्या. जोडांना व्हॅसलीन. खोक्यांखाली ट्रे, त्याला पाइप, पाणी सरळ रस्त्यावर. टेम्पो दोन दिवस उभा राहिला, सौरभने सीझनचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी त्याने लाल दिवे लावून फोटो काढला आणि कोणाला तरी पाठवला. कोणाला ते मला माहीत नाही. उत्तर आलं तेव्हा दिव्यांपेक्षा त्याचंच तोंड जास्त पेटलं होतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

वनमालाला तिळगूळ दिला. घेतला. गोड बोल म्हटलं तर म्हणाली, आधी सीट शिवून दे. म्हणजे बोलली. व्रत सुटलं.

१७ जानेवारी, शनिवार

बसल्या बसल्या व्हॅसलीनचा विचार करते आहे. ते ओठाला लावतात. वायरीला ओठ असतात का?

२० जानेवारी, मंगळवार

पौष संपला. ट्रॉम्ब्याहून फोन आला, रविवारी येतात. श्रुतिकाही येणार. उत्तराने फोनवर सुगंधाला सांगितलं की मुलीने वडिलांना दिव्यांचा फोटो दाखवला, पण ते म्हणाले फोटोत काय, मी स्वतः बघेन. सुगंधाने फोन ठेवला आणि देवाला हात जोडले. सौरभ म्हणाला, आई, आता काही बिघडत नाही, सगळं पॅक आहे.

एवढा मोठा दिवस आणि भरवसा कोणावर? ओठाच्या मलमावर.

२२ जानेवारी, गुरुवार. माघी गणपती

मोदक केले. सगळे आरतीला गेले तेव्हा मी टेम्पोजवळ. पाच मिनिटांचं काम होतं, पण नळीमुळे वेळ लागला. नळीत तेल जाईना. म्हणून मागच्या दिव्यांजवळची नळी ओढून काढली. व्हॅसलीन फडक्याने पुसलं, एक डाग ठेवला नाही. मग तेल. या वेळी बरणी पूर्ण संपवली, घुशीच्या दातांचा विचार करून. बॅटरीच्या डब्यात तेल साचलं, ते टिपायला जुन्या गोधडीचा मऊ तुकडा दाबून बसवला. त्यामुळे झाकण नीट लागलं नाही, बोटभर फट राहिली. हवा खेळेल.

दिवे लावून बघितले. पेटले. गणपतीला म्हटलं, बाकी तू बघ, माझ्याकडून सगळं केलं आहे.

२४ जानेवारी, शनिवार

सौरभने टेम्पो कालच धुऊन आणला, आज बाहेर काढला नाही. उद्यासाठी पुढे झेंडूचा हार. मांजरं इतकी आहेत की हार टेम्पोला आहे की मांजरांना कळत नाही. एक करडी मांजर फार जाड झाली आहे, दिवसभर टेम्पोखाली घोटाळत होती. लोक वाढतात तरी काय काय मांजरांना.

वनमाला येऊन विचारून गेली, उद्या किती वाजता येणार पाहुणे. साखर संपली असेल तिची.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

सगळं व्यवस्थित लिहिते.

सहदेवभाऊ घरात आलेच नाहीत. चप्पल न काढता सरळ टेम्पोच्या मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे. श्रुतिका त्यांच्या बाजूला. मुलगी छान आहे, उंच, बोलते कमी आणि बघते जास्त. मला वाकून नमस्कार केला आणि मान वर करताना नाक जरा आक्रसलं. मी आंघोळ दोनदा केली होती.

सौरभने चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि त्याबरोबर टेम्पोने असा काही टाहो फोडला की उत्तरा दोन पावलं मागे गेली. सौरभने बंद केलं. टाहो बंद झाला नाही. बॅटरीचं झाकण उघडलं तर गोधडीवर ती करडी मांजर, तिला लागून चार पिल्लं, डोळे मिटलेली, अजून ओली. मांजरीने सगळ्यांकडे असं बघितलं की जणू आपण तिच्या घरात न विचारता घुसलोय.

आत्या म्हणाली, बाळंतीण आहे, हात लावू नका. या बाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सहदेवभाऊ म्हणाले, ते राहू दे. दिवे लाव. सौरभने बटण दाबलं. डावा दिवा नाही, उजवा नाही. ब्रेक दाबला, नाही. सौरभ पळत मागे आला आणि खाली वाकला. जिथली नळी काढली होती तिथल्याच वायरी खाल्लेल्या. या घुशींना दात तरी किती.

सहदेवभाऊंनी होल्डरवरून बोट फिरवलं, वास घेतला. मुशीचं तेल, म्हणाले. हितेशला कळलं नव्हतं, यांना एका वासात. म्हणाले, आमच्याकडेही बोटीला लावायचे. वायरीला कोणी लावलं?

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. वनमालाने बघितलं, तिला तर माहीतच होतं. सौरभने सगळ्यात शेवटी बघितलं, आणि माझ्याकडे बघूनच म्हणाला, काका, गाडी माझी आहे, निघायच्या आधी मी बघायला हवं होतं. चूक माझी.

आता हे मी ऐकून घेणार का? तेल मी काढलं, चोपडलं मी, कंबर माझी गेली, आणि नाव त्याचं? मी म्हटलं, तेल मी लावलं. आणि पहिल्या दिवशी एका चावीत चालू झाला होता, तेही लिहून ठेवलंय.

श्रुतिका वळून भिंतीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. पोरीला भरून आलं असावं.

सहदेवभाऊंनी सौरभला विचारलं, याआधी कधी दिवे गेले होते का? मला वाटलं नाही म्हणेल. तो म्हणाला, गेले होते. विक्रोळीचं सगळं सांगितलं, ट्रक, बंपर, बांगडे. सांगायची काय गरज होती? ते पायरीवर बसले, याच पायरीवर सौरभ बसला होता. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. उत्तराने पाणी दिलं, ते हातात तसंच धरून बसले. मग म्हणाले, माझ्या भावालाही माहीत होतं दिवा गेलाय म्हणून. त्याने घरात सांगितलं नव्हतं.

मग मला म्हणाले, मावशी, एक विचारू? हात जोडून विचारलं. तुम्ही पोराचं लग्न बघायला हवंय ना? मी म्हटलं, म्हणजे काय, त्याचसाठी तर तेल. म्हणाले, मग यापुढे टेम्पोला हात लावू नका.

मी हो म्हटलं. आवाज जरा बारीक आला. थंडीने घसा बसलाय.

जेवायला कोणी थांबलं नाही. सगळ्यांनी सकाळी भरपूर खाल्लं होतं म्हणे. आत्या थांबली. जेवून रिक्षाने गेली.

२६ जानेवारी, सोमवार

सुगंधा आणि सौरभचं सकाळी ट्रॉम्ब्याला फोनवर बोलणं झालं. मला ऐकू कमी येतं म्हणून माझ्यासमोरच बोलले.

नकार नाही. होकारही नाही. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत टेम्पो हलवायचा नाही, हे श्रुतिकाने सांगितलं. तोवर सौरभ भाड्याच्या टेम्पोने धंदा करेल. मग हितेश सगळं परत करेल, नळी, व्हॅसलीन, सगळं. सहदेवभाऊ म्हणाले, पोरगा खरं बोलला, मी आणखी एकदा येईन, पण लाल दिवे मला पेटलेलेच दिसले पाहिजेत, ही शेवटची वेळ. शिवाय हितेशचं काम झाल्यापासून ते येईपर्यंत टेम्पोला रोज कुलपाची ताडपत्री. चावी सुगंधाच्या कमरेला.

बरणी सुगंधाने समुद्रावर नेऊन रिकामी केली. रिकामीच होती ती. तरी नेली.

तर आता सगळं जुळत आलं आहे. माझ्यावर कामाचा बोजा नको म्हणून त्यांनी या वेळी स्वयंपाकही सांगितलेला नाही, सगळे घरूनच जेवून येणार. आणि पाहुणे येतील तेव्हा मी वनमालाच्या घरी बसायचं, असं सर्वांनी मिळून ठरवलंय. बसेन. तिच्या खिडकीतून टेम्पोची मागची बाजू स्वच्छ दिसते, आणि मी जाताना साखर मागायच्या निमित्ताने जाणार आहे.

येतो म्हणालेत रविवारी, आठ फेब्रुवारीला, सकाळी.